वाळीत टाकलेल्यांची नावं


बिदर, भालकी, औराद, कलबुर्गी...
कुठूनही ऐकत असाल, आज गोष्ट आपल्या बसवकल्याणची.

आपण म्हणतो, अमक्याला वाळीत टाकलं.
म्हणजे त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही.
त्याच्याकडे लग्नाला जायचं नाही, मयतालाही नाही.
दुकानदारानं त्याला मीठसुद्धा द्यायचं नाही.

बाराव्या शतकात याच गावात, तेव्हाच्या कल्याणला, मात्र वेगळं घडलं.
समगार, मादार, डोहार.
ज्या जातींच्या नावांनी माणसाला हिणवलं जाई,
ती शरणांनी, म्हणजे संत बसवण्णांसोबतच्या शिवभक्तांनी, लपवली नाहीत.
समगार हरळय्या. मादार चन्नय्या. डोहार कक्कय्या.
बसवण्णांनी तर वचनात चन्नय्यांना आपले वडील म्हटलं!

परंपरा सांगते,
हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातल्या मधुवरसांच्या मुलीशी ठरलं.
त्यापायी बिज्जळ राजानं दोन्ही बापांचा जीव घेतला.
फार क्रूरपणे घेतला.

पुढे १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढलं.
नाव दिलं, 'बहिष्कृत भारत'.
पुन्हा तेच, श्रोतेहो. नाव लपवलं नाही.
थेट मथळ्यावर छापलं.

शेजारच्या महाराष्ट्रात २०१६चा कायदा आहे.
वाळीत टाकणं तिथे गुन्हा आहे.
जातपंचायतीनं ठराव केला, तरीही गुन्हाच.