कासवाचे पिल्लू आणि माणसाचा हात

युरोपात हरमन जातीचे भूकासव हौसेने पाळतात. परंतु ज्याचे कवच अद्याप मृदू आहे आणि ज्याला जमिनीवरून उचलले जाणे म्हणजे हिंस्र पक्ष्याच्या तावडीत सापडणेच भासते, त्या पिल्लाला कौतुकापोटी वारंवार हाताळणे हे, माझ्या मते, प्रेम नव्हे, पीडा होय. वजन करणे, कोमट उथळ पाण्यात बसविणे, डोळे-नाक तपासणे एवढ्यापुरतेच त्याला पोटाखाली आधार देऊन उचलावे आणि मागाहून हात साबणाने धुवावेत. साल्मोनेला जंतूंच्या भयास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीस मनाई आहे. आपल्याकडे तर स्टार कासव घरी बाळगणे हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. स्टार कासवाचे पिल्लू आढळल्यास वनखात्यास तत्काळ वर्दी द्यावी, ही विनंती.