मोहोरबंद पुडक्याची साक्ष

साक्ष देताना माणूस विसरतो, भितो, प्रसंगी फितूरही होतो. रक्ताचा थेंब यांपैकी काहीच करीत नाही. म्हणूनच डीएनएच्या पुराव्यावर लोकांचा मोठा भरवसा असतो. कायदा मात्र अधिक सावध आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम ४५, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ३९, यांच्या दृष्टीने प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे तज्ज्ञाचे मत. ते ग्राह्य खरे. परंतु निर्णायक असेलच असे नव्हे.

दिल्लीच्या छावला खून खटल्यात नमुने फेब्रुवारी २०१२ मध्ये घेतले गेले आणि २७ तारखेपर्यंत पोलिसांच्या मालखान्यात पडून राहिले. अहवाल आरोपींविरुद्ध गेला. दोन न्यायालयांनी तिघांना फाशी सुनावली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही संशयाचा फायदा देऊन सोडले. नमुन्यांत फेरफार झालाच नसेल, अशी खात्री देता येत नव्हती. मृत मुलीच्या आईबापांना भरपाई मागण्याची वाट मात्र न्यायालयाने मोकळी ठेवली.

नमुना अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचावा, तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद राहावी, असे त्याच न्यायालयाने २०२५ साली बजावले. शास्त्र कितीही अचूक असो, त्याची किंमत अखेर ठाण्यातल्या नोंदवहीवर ठरते.