भावनांची मुळाक्षरे

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात बडोदे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी वाङ्मयात रुसव्याची एक फार थोर कथा आहे. लोकनिंदेने व्यथित झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांना दार उघडण्याची विनवणी केली, असे परंपरा सांगते. ताटीचे अभंग त्या प्रसंगाचे. मुक्ताबाईने दार ढकलले नाही. ती बोलत राहिली, भावाला त्याच्या थोरवीची आठवण देत राहिली आणि दार आतून उघडले.

प्राथमिक शाळेच्या प्रत्येक वर्गात रोज अशा दोन-चार ताट्या लागतात. कुणाची पेन्सिल हरवलेली असते, कुणाला खेळात घेतलेले नसते, कुणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झालेले असते. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात भावना असते, पण तिचे नाव त्याच्यापाशी नसते. नाव नसलेली भावना हातापायांतून बाहेर पडते. राग शेजाऱ्याच्या दप्तरावर निघतो आणि भीती परीक्षेच्या सकाळी पोटदुखी होऊन येते. मोठ्यांची उत्तरे मात्र ठरलेली असतात : ‘गप्प बस’, ‘मुलगा असून रडतोस?’, ‘शहाणी मुले रागावत नाहीत.’ या उत्तरांनी भावना शमत नाही. ती लपवावयाची वस्तू आहे एवढेच मूल शिकते.

म्हणून अक्षरओळखीप्रमाणे भावनांचीही ओळख शाळेत करून द्यावी, असा विचार गेली काही दशके जगभर मांडला जात आहे. तो पश्चिमेकडून आलेला नवा शौक आहे, असे कुणाला वाटू नये. त्याची एक बळकट परंपरा गुजरातच्या भूमीत रुजली आणि तिच्या वाढीत एका मराठी स्त्रीचा मोठा वाटा आहे.

वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. भय आणि लालूच यांवाचून मूल शिकू शकते, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करावयास जातो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ घेतो आणि मुले त्याची यथेच्छ टर उडवितात. शांततेची आज्ञा करून शांतता येत नाही, हे त्याच्या ध्यानात येते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग आपण होऊन स्तब्ध होतो. मुलाच्या मनाचा कल्लोळ दाबण्याऐवजी त्याला वाट करून देणे, हे भावशिक्षणाचे मर्म त्या दोन दिवसांत सामावलेले आहे.

ताराबाई मोडक गिजुभाईंच्या या कार्यात सामील झाल्या. पुढे त्यांनी १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेला बुजत. त्या बुजण्याला हट्ट किंवा आळस न म्हणता ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी त्यामागची भीती ओळखली. शाळाच मुलांच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. भ्यालेल्या मुलाला ओढून आणण्याऐवजी त्याच्या ओळखीच्या जागेत त्याच्याशी बोलावे, हा धडा आजच्या चार भिंतींतील वर्गालाही लागू आहे.

आधुनिक मानसशास्त्र या अनुभवाला पुष्टी देते. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील संशोधकांनी दाखवून दिले, की भावनेला शब्दांत नाव दिले असता मेंदूतील भयाशी व धोक्याशी संबंधित असलेल्या भागाची चलबिचल कमी होते. मेंदूचा जो पुढचा भाग आवेगाला लगाम घालतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला स्वतःला आवरता येत नाही, याचे कारण बहुधा त्याचा वाईटपणा नसून त्याचे वय असते. आवरण्याचे ते सामर्थ्य त्याला काही काळ मोठ्यांकडून उसने मिळावे लागते. चिडलेल्या मुलासमोर शिक्षकच चिडला, तर ते उसने मिळणार कोठून?

नाव देण्याच्या कामी मराठी भाषा विलक्षण समृद्ध आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने आठ स्थायीभाव सांगितले. घराघरांतील मराठीने त्यांच्या कितीतरी छटा जपल्या. राग आणि त्रागा एक नव्हेत. त्राग्यात माणूस स्वतःलाच त्रास करून घेतो. हिरमोड म्हणजे केवळ दुःख नव्हे. त्यात मोडलेली आशा असते. चुटपुट, हुरहुर, धास्ती, हेवा, ओशाळेपणा, भेदरणे, कुढणे या प्रत्येक शब्दात मनाची निराळी अवस्था नेमकी पकडलेली आहे. रुसवा हा तर सर्वांत सुज्ञ शब्द. तो आपल्या माणसावरच धरला जातो आणि कुणीतरी येऊन तो काढावा, ही अपेक्षा त्यातच असते. ‘मी चिडलो नाही, माझा हिरमोड झाला’ असे ज्या मुलाला म्हणता येते, त्याने अर्धी लढाई जिंकलेली असते. ऐकणाऱ्यालाही काय करावयाचे ते कळते.

प्रत्यक्ष वर्गात यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. प्रारंभ शरीरापासून करावा. राग येतो तेव्हा कानशिले तापतात, भीतीने पोटात गोळा येतो, रडू येण्यापूर्वी घसा दाटतो. या खुणा मुलांना सहज सांगता येतात. मग चेहऱ्यांची चित्रे पाहून भावनेचे नाव शोधावे. हजेरीच्या वेळी ज्याला इच्छा असेल त्याने आजचे मन कसे आहे ते एका शब्दात सांगावे. ज्याला नको असेल त्याच्यावर सक्ती नसावी. राग आला असता दहा आकडे मोजणे, सावकाश श्वास सोडणे, पाणी पिणे, वर्गातील एका शांत कोपऱ्यात थोडा वेळ बसणे, हे उपाय मन स्वस्थ असताना खेळासारखे शिकवावेत. वादळ उठल्यावर पोहणे शिकविता येत नाही. तो कोपरा शिक्षेचा मात्र होता कामा नये. शेवटची पायरी झालेली हानी भरून काढण्याची : फाडलेली वही चिकटवून देणे, दुखावलेल्या मित्राला विचारणे.

यावर ‘अशाने मुले लाडावतील’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर भावना आणि कृती यांच्या भेदात आहे. राग येण्यास मनाई नाही. मारण्यास मनाई आहे. ही मर्यादा प्रेमाने आणि ठामपणे सांगितली म्हणजे शिस्त ढिली पडत नाही. उलट छडीने जी शिस्त येते, ती छडी दिसेपर्यंतच टिकते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली, ती याच जाणिवेतून. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीच्या मुलांसाठी ध्यान, गोष्टी आणि संवाद यांचा आनंदवर्ग सुरू झाला. मात्र या विषयाची परीक्षा घेऊन गुण देऊ लागले, की मुले बरोबर उत्तर पाठ करतील आणि मन पुन्हा ताटीआड जाईल. तसेच, सतत मूक राहणारे, अकारण दचकणारे किंवा एकाएकी बदललेले मूल दिसल्यास शिक्षकाने स्वतःच्या उपायांवर न विसंबता तज्ज्ञांचे साह्य घ्यावे.

या सगळ्याशी ग्रंथालयाचा संबंध काय? बडोद्यात तरी हा प्रश्न पडू नये. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डेन यांच्या साह्याने गावोगावी ग्रंथालये पोहोचविली. शाळेत मिळालेली अक्षरे विसरली जाऊ नयेत, म्हणून शाळेमागून ग्रंथालय आले. आज येथील मराठी घरांतील बहुतेक मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. शेजारची गुजरातीही रुसव्याला ‘रिसावुं’ म्हणते आणि त्या मुलाला समजून घेते. दोन भाषांत मन मांडता येणे हे वैभवच आहे. चिंता निराळी आहे. घरातले मराठी ‘जेव’, ‘अभ्यास कर’, ‘झोप’ एवढ्यापुरते उरले, तर आजीशी बोलताना नातवाला आपले दुःख सांगावयास शब्द राहणार नाही. आजी विचारील, ‘काय झालं रे बाळा?’ आणि नातू म्हणेल, ‘काही नाही.’ त्या ‘काही नाही’ मध्ये दोन पिढ्यांमधले दार बंद होते.

हे दार उघडे ठेवण्याचे काम मराठी ग्रंथालय करू शकते. आठवड्यातून एक तास गोष्टींचा असावा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ कपाटात आहेच. त्यातील अळणी भाजीचा प्रसंग मुलांपुढे वाचावा : आईचे मन दुखावू नये म्हणून वडील मिठावाचूनची भाजी निमूटपणे खातात आणि मुलेही खातात. मग तात्पर्य न सांगता एवढेच विचारावे, की वडिलांना काय वाटले असेल? खरे कळल्यावर आईला काय वाटले असेल? उत्तरे मुलांना शोधू द्यावीत, शब्द अडला तर ज्येष्ठ सभासदाने पुरवावा. एका शब्दाची ती भेट कोणत्याही देणगीपेक्षा लहान नाही.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने वाचकांसाठी आपले दार उघडे ठेवले. पुढील काळात त्याने मुलांच्या मनाच्या दाराशी मुक्ताबाईच्या धीराने उभे राहावे, हीच या शताब्दीची सार्थ सांगता ठरेल.