दबून बसलेली कमान

कविता लिहिणारा माणूस आज गाडीच्या स्प्रिंगवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला थोडं नवल वाटेल. मी कलाशाखेचा पदवीधर. गॅरेजात रमतो तो मुख्यतः तिथल्या भाषेसाठी. ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगला मिस्त्री लोक कमान म्हणतात. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि तिकडे त्याचा अर्थ आहे धनुष्य. ताणलेल्या धनुष्यापुढे कुणी तोंड नेत नाही. गाडीच्या स्प्रिंगपुढे मात्र आपण खुशाल नेतो. म्हणून आज हा विषय.

आपण मारुती ८०० घेऊ. १९८३च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली सर्वांत धाकटी गाडीही आता दहा वर्षांहून जुनी. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकावर वेटोळ्यांची एक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या पोटातून शॉकअॅब्सॉर्बर गेलेला असतो. या जोडीला स्ट्रट म्हणतात.

स्प्रिंग मोडली की आपण खड्ड्याला शिव्या देतो. खड्डा फक्त शेवटचा घाव घालतो. खालच्या वेटोळ्यापाशी चिखल, पाणी, बारीक खडी साचते. रंगाचा पापुद्रा उडतो, गंज चढतो. गंजाने पडलेल्या खळग्यातून केसासारखी भेग निघते आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती जराशी पुढे सरकते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं.

ओळखायचं कसं? गाडी एका बाजूला कललेली दिसते. स्टिअरिंग वळवताना पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक ठळक असेल तर गाडी बाजूला लावा. मोडलेलं टोक धारदार असतं. ते टायरला लागलं, तर वेगात टायर फाटू शकतो.

आता मुख्य गोष्ट. स्प्रिंगचा तुकडा पडला म्हणजे तिची ताकद संपली, असं समजू नका. उरलेली वेटोळी अजून दबलेलीच असतात. साधा हिशेब करू. समजा, एक स्प्रिंग दोनशे किलोच्या भाराखाली पंधरा सेंटीमीटर दबली आहे. तिच्यात साठलेली शक्ती पंधरा किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पडावा तेवढी भरते. गाडी उचलली की यातली बरीच शक्ती उतरते, पण सगळी उतरत नाही. जी उरते, ती अडवून धरणारा एकच नट स्ट्रटच्या डोक्यावर मधोमध असतो. स्प्रिंग आवळल्याशिवाय तो नट सोडवला, की वरची लोखंडी बशी आणि स्प्रिंग समोरच्या माणसाच्या तोंडावर येते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करायची. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावायचे. चाकाचे नट जमिनीवरच किंचित सैल करायचे आणि मग जॅक चढवायचा. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडी तोलायला मजबूत लोखंडी स्टँड हवेत. विटांच्या चळतीवर भरवसा नको. चाक काढल्यावर ब्रेकची नळी स्ट्रटपासून मोकळी करायची, खालचे दोन बोल्ट काढायचे आणि शेवटी बॉनेटखालचे कडेचे नट. मधल्या नटाला अजून हात लावायचा नाही. अख्खा स्ट्रट बाहेर घ्यायचा.

त्यानंतर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. त्याचे दोन दांडे स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, धड वेटोळ्यांवर लावायचे आणि हातपान्याने आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. हवेची बंदूक इथे नको. स्प्रिंग बशीत सैल होऊन हलू लागली, की मगच मधला नट. तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवायचं नाही. मोडक्या स्प्रिंगवर आकड्यांना नीट पकड मिळत नसेल, तर घरचा उद्योग तिथेच थांबवावा. ज्या गॅरेजात भिंतीला किंवा जमिनीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर आहे, तिथे स्ट्रट न्यावा.

नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बशीतल्या खाचेत बरोबर टेकलं पाहिजे. मधला नट नवा घालून ठरल्या मापाने आवळावा आणि त्यानंतरच कॉम्प्रेसर हळूहळू सोडावा. स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात. एक नवी आणि एक थकलेली असली तर गाडी समतोल राहत नाही. काम झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं.

मोडकी स्प्रिंग वेल्डिंग करून देणारेही भेटतात. स्प्रिंगचं पोलाद पाणी देऊन, ठरावीक तापमानाला तापवून तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरतं आणि जोडाशेजारी स्प्रिंग पुन्हा तुटते. वेटोळ्यांत रबरी बफर ठोकूनही भेग बुजत नाही. भंगार बाजारातली स्प्रिंग स्वस्त पडते, पण तिच्यात भेग आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.

हे काम आपल्यापैकी बहुतेकजण स्वतः करणार नाहीत. आपण गॅरेजात चावी देतो, ‘संध्याकाळपर्यंत पाहिजे’ म्हणतो आणि मजुरीत पन्नास रुपये कमी करून घेतो. त्या घाईत एखादा पोरगा कॉम्प्रेसरऐवजी तारेचे वेढे घालून स्प्रिंग बांधतो. तार तुटली तर बोटं त्याची जातात. चावी देण्यापूर्वी एवढंच विचारा, ‘मिस्त्री, कॉम्प्रेसर आहे ना?’ नसेल तर दुसरं गॅरेज बघा. असेल तर सांगा, ‘गाडी उद्या दिली तरी चालेल.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)