हुद्दा आणि हातातलं काम

(तांबरम येथील अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल संध्याकाळी आपल्यापैकी बरेच जण स्टेशनच्या पुलावर उभे राहून लोकल बघत होते. मुंबईकरांनी लोकल बघायला तांबरमला यावं, ही गंमतच आहे. पण आजच्या विषयाला ही लाइन फार जवळची आहे. बीच ते तांबरम विजेवरची गाडी १९३१ साली सुरू झाली ती मीटरगेजवर. २००४ मध्ये हे मीटरगेज बंद झालं. ज्या फिटरने सारी हयात मीटरगेजच्या डब्याखाली काढली, त्याचं काय उरलं? आपल्याकडेही मुंबईत हेच झालं. पंधराशे व्होल्टची डीसी लाइन जाऊन पंचवीस हजारांची एसी आली, ते काम २०१६ मध्ये पुरं झालं. गाडी बदलली, पण सर्किटचा कागद समोर धरून बिघाड कुठे आहे हे हुडकायची सवय फिटरच्या डोक्यातच राहिली.

हे ऐकायला सोपं वाटतं. ज्याचं पद सरेंडर होतं त्याला ते सोपं नसतं.

आमच्या शाखेतली एक गोष्ट सांगतो. एका लोको पायलटची नजर वैद्यकीय तपासणीत ए-वनला बसेना. सव्वीस वर्षांची नोकरी. डीकॅटेगराइज झाला. पर्यायी नोकरीसाठी समितीपुढे उभा राहिला, तेव्हा विचारलं गेलं, ‘तुम्हाला दुसरं काय येतं?’ तो म्हणाला, ‘साहेब, गाडी चालवता येते. बाकी काही येत नाही.’ झालं. त्याला एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. पगाराला धक्का लागला नाही. १९९५ च्या अपंग कायद्याच्या ४७ व्या कलमाने ते संरक्षण दिलं होतं, आता २०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमात ते आहे. पगार वाचला म्हणून आम्ही युनियनवाले खूश झालो आणि फाइल बांधून ठेवली.

चार महिन्यांनी वहिनी शाखेत आल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, पगार येतो, पण घरात माणूस बोलत नाही.’

ही चूक आमची होती. मग आम्ही त्याला घेऊन तीन संध्याकाळी बसलो. साइन ऑन केल्यापासून साइन ऑफपर्यंत तू काय काय करतोस, ते सांग म्हटलं. पहिल्या दिवशी अर्धं पानही भरलं नाही. ‘त्यात काय सांगायचं?’ हेच पालुपद. तिसऱ्या दिवशी मात्र वही भरली. कोणत्या किलोमीटरला चढ, कुठे वेगाचं बंधन, कुठला सिग्नल वळणामुळे उशिरा दिसतो, हे सारं तोंडपाठ. मध्यरात्री इंजिन बंद पडलं तर कंट्रोलला चार वाक्यांत काय सांगायचं, ते माहीत. नवख्या असिस्टंटची भीती कशी घालवायची, तेही माहीत. हा कागद अर्जाला जोडून आम्ही पुन्हा दाद मागितली. आठ महिने लागले, पण तो क्रू लॉबीत गेला आणि पुढे नव्या पोरांना शिकवायला लागला. जी नजर सिग्नलला कमी पडली, तिची शिकवायला काही अडचण आली नाही.

तेव्हा आमचं पहिलं सांगणं हे. हुद्दा लिहू नका, क्रिया लिहा. ‘गेटमन’ असं लिहिलं तर पुढे काही सुचत नाही. पण गेटमन करतो काय? स्टेशन मास्तरशी प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण करतो, तो वेळेसकट रजिस्टरात लिहितो, आणि फाटक बंद असताना शिव्या घालणाऱ्या ट्रकवाल्याला हातात काठी न घेता थोपवून धरतो. रात्रपाळीत एकटा जागा राहतो. ज्या कारखान्याला गेटवर आणि स्टोअरमध्ये भरवशाचा माणूस हवा, त्याला याहून अधिक काय पाहिजे? फाटकांच्या जागी पूल आणि भुयारी रस्ते होत चालले आहेत, म्हणून हे आजच लिहायला हवं.

टपालातल्या बांधवांचं तर बोलायलाच नको. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. आरएमएसच्या डब्यात धावत्या गाडीत पत्रं लावणारे सॉर्टर आपण पाहिले आहेत. अख्खा मुलूख त्यांच्या बोटांत होता. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी. पहिला आकडा विभागाचा, तिसऱ्या आकड्यापर्यंत सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या ऑफिसचे. तांबरमचा ६०००४५ वाचून सॉर्टरला थैली कुठल्या वाटेने जाईल ते लगेच कळतं. आज खासगी पार्सल कंपन्यांची गोदामं याच सहा आकड्यांवर चालतात. मग तिथे अर्ज करताना आपला माणूस नुसतं ‘मॅट्रिक पास, टपाल खात्यात नोकरी’ एवढंच का लिहितो?

गिरणगावाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हजारो गिरणीकामगार पुन्हा साच्यावर गेलेच नाहीत. मागावर हात बसलेला विणकर भाजीची पाटी घेऊन बसला. त्याच वस्तीत खानावळवाल्या बाया होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं होतं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. तीस माणसांचं दोन वेळचं जेवण, महिन्याची उधारी, किराणा दुकानदाराशी घासाघीस, हे त्या बाया वर्षानुवर्षं करत होत्या. त्याला कौशल्य म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. प्रेमाताईंनी ते म्हटलं, आणि बँकेकडूनही म्हणवून घेतलं. विणकराच्या बाजूने असं म्हणणारं कुणी उभं राहिलं नाही, ही आपल्या चळवळीची बोच आहे.

आता एक इशारा. ‘तुमच्यात कौशल्य आहे, मग पोट भरा’ असं सांगून प्रशासनाने हात झटकले, तर ते आम्हाला मान्य नाही. सरप्लस झालेल्याला दुसऱ्या कामाचं शिक्षण द्यायचं, तो काळ ड्यूटी धरायचा, सेवाज्येष्ठता सांभाळायची, ही मागणी कायम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने पंधरा दिवसांचा शेवटचा पगार त्यात भरायचा, आणि पैसे पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस काय शिकणार? शिवाय कपातीला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. एका हाताने दिलं थोडं, दुसऱ्या हाताने नेलं बरंच. तरीही कंत्राटातल्या आणि बाहेरच्या कारखान्यांतल्या आपल्या भावांना हा पंधरा दिवसांचा हक्क ठाऊक असू द्या, कारण मागितल्याशिवाय तो मिळेल असं आम्हाला वाटत नाही.

आणि व्हीआरएसची रक्कम हातात आली की लगेच दुकान थाटू नका. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार जण एकदम बाहेर पडले. आमच्या ओळखीच्यांत जे सावरले, ते बहुतेक जुन्याच कामाच्या आसपास राहिले. केबल जोडणारा केबलच जोडत राहिला. हॉटेल काढणारे दोघे होते, त्यांच्याबद्दल इथे बोलत नाही.

जेवणानंतर प्रत्येकाला दोन कोरे कागद मिळतील. आपलं काम आपण लिहायचं नाही. जोडीदाराचं लिहायचं. रेल्वेवाल्याने टपालवाल्याला विचारायचं, टपालवाल्याने रेल्वेवाल्याला. स्वतःचं काम माणसाला दिसत नाही, दुसरा विचारतो तेव्हा दिसतं. ‘त्यात काय सांगायचं?’ असं कुणी म्हणालं, की तिथेच थांबून पुन्हा विचारा. चार वाजता कागद गोळा करू.