पिसांचा रंग आणि खुराड्याचे दप्तर



कोंबडीच्या पिसाचा रंग हा विषय एका सायंकाळच्या चिंतनास पुरेल काय, अशी शंका ज्यांच्या मनात असेल त्यांना मी इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्याचे जमीनदार आणि पार्लमेंटचे सभासद सर जॉन सेब्राइट यांचे स्मरण करून देतो. पाळीव जनावरांच्या सुधारणेविषयी सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेले आपले पत्र १८०९ साली प्रसिद्ध करणाऱ्या या गृहस्थाने, ज्याच्या प्रत्येक पिसाला काळ्या रेघेचा काठ आहे आणि ज्याचा नरही मादीसारखीच पिसे धारण करतो, असा चिमुकला बॅन्टम सिद्ध केला. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगापुढे पुन्हा आले ते १९०० साली. म्हणजे सेब्राइटांपाशी भांडवल होते ते केवळ नजरेचे आणि चिकाटीचे. आपल्या हाती नियमही आहेत, तेव्हा जोड्या लावण्यातील गाफीलपणाला आता सबब उरलेली नाही.

निळ्या रंगाचेच उदाहरण घ्या. हा निळा आभाळाचा नव्हे, पाटीच्या दगडाचा. काळ्या पक्ष्याला आईबापांपैकी एकाकडूनच रंग फिका करणारा घटक मिळाला तर तो निळा दिसतो. दोघांकडून मिळाला तर मळकट पांढऱ्या अंगावर निळसर शिंतोडे उडालेला ‘स्प्लॅश’ पक्षी निपजतो. त्यामुळे निळ्याशी निळा जोडला असता सरासरीने चार पिल्लांत एक काळे, दोन निळी आणि एक स्प्लॅश येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या हाच क्रम चालतो. उलट, काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावली की सगळी पिल्ले निळी. प्रदर्शनात ज्याला कोणी विचारत नाही असा पक्षीच निळ्या घराण्याचा खरा आधार असतो. त्याला बाजारात धाडण्यापूर्वी या गोष्टीचा विचार व्हावा.

सोनेरी आणि चंदेरी यांचा न्याय निराळा. हा घटक लिंगाशी निगडित आहे. कोंबड्याला त्याच्या दोन प्रती लाभतात, कोंबडीला एकच, आणि तीही बापाकडून. म्हणून चंदेरी कोंबडीच्या ठायी सोनेरी दडून राहूच शकत नाही, चंदेरी कोंबड्याच्या ठायी मात्र राहू शकते. सोनेरी कोंबडा आणि चंदेरी कोंबडी यांच्या संततीत मुलगे चंदेरी व मुली सोनेरी निपजतात. नुसत्या रूपावर भुलून असा मुलगा शुद्ध चंदेरी म्हणून खुराड्यात घेतला, तर पुढच्या हंगामात त्याच्या निम्म्या मुली सोनेरी निघतील.

परंतु नियम पाठ असून भागत नाही, हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. काळ्या कोंबड्याजवळच्या काळ्या तलंगा मी स्प्लॅश कोंबड्याच्या खुराड्यात हलविल्या आणि चौथ्याच दिवसापासून अंडी जमवून खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी पाटीच्या रंगाच्या पिल्लांत तीन पिल्ले पाठीवर कोळशासारखी काळी व पोटाखाली पिवळसर पांढरी निघाली. या जोडीतून काळे पिल्लू येणे अशक्य. ती पूर्वीच्या कोंबड्याची होती. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते, याचा तो बिनतोड दाखला. तेव्हापासून नर बदलल्यावर मी पुरत्या चार आठवड्यांची मुदत पाळतो, प्रत्येक अंड्यावर आईचा क्रमांक व तारीख पेन्सिलीने लिहितो, आणि पिल्लू अंड्यातून निघताच त्याच्या बोटांमधील पडद्याला खूण करून नोंदवहीत त्याचा तपशील चढवितो.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आठ पिल्लांच्या एका घाण्यावरून प्रमाण सिद्ध होत नाही. चारांत एक हा हिशेब अनेक उबवण्यांच्या बेरजेतच खरा उतरतो. जी पिल्ले नकोशी वाटतात त्यांचीही नोंद ठेवलीच पाहिजे, कारण आईबापांनी काय दडवून ठेवले आहे याची साक्ष बहुधा तीच देतात.

म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे की, पुढच्या हंगामासाठी लाकूड आणि जाळी विकत आणण्यापूर्वी एक कोरी वही आणा. कोणता नर, कोणती मादी आणि त्यांच्यापासून कोणत्या रंगाची अपेक्षा, हे तिच्या पहिल्या पानावर लिहा, आणि मगच खुराड्याचे दार उघडा.