घरची शाळा आणि महाविद्यालयाचें दार

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांत मोडनिंब नांवाचें गांव आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता तेथून जातो आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही. हा लोहमार्ग १९०६ सालीं पंढरपुरापर्यंत पोंचला, तेव्हां तो अरुंद होता. मुंबईकडून रुंद मार्गानें येणाऱ्या वारकऱ्यास कुर्डुवाडीला उतरून, गांठोडें खांद्यावर टाकून, छोट्या गाडींत बसावें लागे. आणि मोडनिंबहून मुंबईस निघालेल्यास हाच खटाटोप उलट दिशेनें करावा लागे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हा मार्ग रुंद झाला आणि कुर्डुवाडीची ती बदलाबदल संपली. शिक्षणाच्या प्रांतांत मात्र तशी एक बदलाबदल अजून शिल्लक आहे. घरीं शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या दाराशीं येतो, तेव्हां त्याला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जावें लागतें. त्या ठिकाणीं त्याच्याजवळ काय असावें आणि दारावर उभ्या असलेल्यानें त्याला काय विचारावें, हा या भाषणाचा विषय आहे.

अशी कल्पना करावी कीं, मोडनिंबमधील एका घरांत सोळा वर्षांची मुलगी आहे. लहानपणीं ती सारखी दुखणाईत असे, म्हणून शाळेंत गेली नाहीं. आई शिकलेली होती. तिनें मुलीला मराठी, इंग्रजी आणि गणित शिकविलें. वडिलांनीं बागेच्या हिशेबांतून व्याज आणि त्रैराशिक समजावून दिलें. पुढें मुलगी स्वतःच पुस्तकें मागवून वाचूं लागली, आणि आतां तिला रसायनशास्त्र शिकावयाचें आहे. आईबापांना वाटतें, मुलीची तयारी चांगली आहे, दार उघडेल. परंतु खिडकीशीं गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘काय येतें?’ असा नसतो. ‘दाखला कोठें आहे?’ असा असतो. या एका प्रश्नापाशीं मुलीचीं दोन-तीन वर्षें वायां जाऊं शकतात, आणि वर्षांबरोबर तिचा स्वतःवरचा विश्वासही.

हा पेंच नवा नाहीं. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण त्यांच्या प्रवेश-अर्जाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्यांचा जन्म १८६५ सालचा. शाळेशीं त्यांचा संबंध आला तो तुटक आणि अल्पकाळ. खरें शिक्षण झालें तें घरीं, पति गोपाळराव यांच्या कडक शिस्तींत. गोपाळराव टपालखात्यांत होते आणि बदलीच्या गांवोगांवीं ही घरची शाळा त्यांच्याबरोबर फिरत होती. अठराव्या वर्षीं, १८८३ सालच्या सप्टेंबरांत, आनंदीबाईंनीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास अर्ज लिहिला. त्यांनीं आपणांस काय येतें तेंच सरळ लिहून दिलें : मराठी, संस्कृत, बंगाली, गुजराती, कानडी, हिंदुस्थानी आणि इंग्रजी अशा सात भाषा, शिवाय अंकगणित, इतिहास, भूगोल व व्याकरण. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित् पुऱ्या करूं शकणार नाहीं, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. आणि आपल्या देशभगिनींना स्त्रीच्या हातून वैद्यकीय साहाय्य मिळावें हा हेतु स्पष्ट सांगितला. महाविद्यालयानें त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. त्या अर्जांतील प्रांजळपणा हाच त्यांचा दाखला ठरला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

डॉक्टर रखमाबाईंची कथाही याच जातीची आहे. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. पुढें मुंबईंत, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरीं, पुस्तकें मिळवून त्यांनीं आपलें शिक्षण आपणच चालू ठेवलें. पतीनें १८८४ सालीं त्यांच्यावर लावलेला खटला देशभर गाजला. तो निवळल्यावर १८८९ सालीं त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें रुग्णसेवा केली. या दोघींच्या उदाहरणांवरून घरचें शिक्षण शाळेहून श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. त्या काळीं शाळेचें दारच मुलींस बंद असल्यासारखें होतें, म्हणून घर हीच शाळा झाली. त्यांवरून इतकेंच दिसतें कीं, घरीं शिकलेल्या बुद्धीलाही महाविद्यालयाचें शिक्षण पेलतें.

जुन्या व्यवस्थेंत या गोष्टीला एक जागा होती. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि पहिली प्रवेश-परीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, १८५९ सालीं झाली. ही परीक्षा विद्यापीठाचीच होती. महाविद्यालयांत शिरूं पाहणाऱ्याची पारख विद्यापीठ स्वतः करीत असे. पुढें अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें, त्यानें घरीं अभ्यास करणाऱ्या स्त्रियांना बाहेरून परीक्षेस बसण्याची सोय ठेवली. चूल आणि पाळणा सांभाळून किती गृहिणींनीं या वाटेनें पदवी घेतली, हें अनेक मराठी कुटुंबांना आपल्याच घरांतील आजीच्या आठवणीवरून ठाऊक असेल. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षेचें काम स्वतंत्र मंडळाकडे गेलें. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, आणि पारख करण्याचें काम विद्यापीठाच्या हातून सुटून कागदाच्या हातीं गेलें.

यांत महाविद्यालयाचा सगळा दोष आहे असें मात्र नाहीं. शेंकडों अर्ज येतात. प्रत्येकाशीं बोलून त्याची तयारी पाहणें साधत नाहीं. शिवाय सर्वांना एकच माप नसेल तर मापाऐवजीं वशिला चालूं लागतो, आणि वशिला नसलेलें गरीब मूलच प्रथम बाहेर राहतें. म्हणून प्रमाणपत्र हें शत्रु नव्हे. प्रश्न इतकाच कीं, त्यानें ज्ञानाची साक्ष द्यावी कीं हजेरीची.

मोडनिंबच्या त्या मुलीपुढें आज दोन मुख्य वाटा आहेत. पहिली महाराष्ट्राच्या परीक्षा-मंडळाची. खेड्यापाड्यांतही ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हे शब्द सर्वांना माहीत आहेत. हा फॉर्म भरून, मंडळानें ठरविलेल्या शाळेमार्फत, विद्यार्थी खाजगी रीतीनें दहावीस व पुढें बारावीस बसतो. ज्यांची शाळा मध्येंच सुटली त्यांना ही वाट फार उपयोगी पडली आहे. परंतु तिच्यांत पूर्वीच्या शाळेचा दाखला मागतात. शाळेंत कधींच न गेलेल्या मुलीची येथेंच अडचण होते.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही संस्था १९८९ सालीं राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नांवानें सुरू झाली. माध्यमिक परीक्षेसाठीं चौदा वर्षें आणि उच्च माध्यमिक परीक्षेसाठीं पंधरा वर्षें पूर्ण असावीं लागतात. माध्यमिक वर्गांत नांव घालतांना शाळेचा कागद नसल्यास, या अभ्यासक्रमास पुरेल इतकें शिक्षण झालें आहे असें विद्यार्थी स्वतःच्या सहीनें लिहून देऊं शकतो. पांच विषय घ्यावयाचे. पांच वर्षांच्या मुदतींत नऊ वेळां परीक्षेची संधि मिळते. ज्या विषयाची तयारी झाली तो आधीं देऊन टाकतां येतो. आनंदीबाईंनीं आपल्या अर्जांत जें केलें, तेंच येथें नियमांत बसविलेलें दिसतें : आधीं विद्यार्थ्याच्या शब्दावर विश्वास, आणि मग परीक्षेंत त्या शब्दाची पारख. कुर्डुवाडीचें स्थानक हें असें असावें. प्रवासी कोठून आला याची चौकशी नको. तिकीट मात्र सर्वांनीं दाखवावें.

एवढें असूनही कांहीं दारें दीर्घकाळ अडून राहिलीं. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत मुक्त विद्यालयाच्या आणि खाजगी रीतीनें बसलेल्या विद्यार्थ्यांना मज्जाव करणारी एक अट होती. दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती रद्द ठरविली, आणि २०२४ सालीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांतही मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या बाजूनें मिटला. दुसरें उदाहरण मुंबईचें. सातवीनंतर शाळा सोडून घरीं शिकलेल्या एका मुलीनें संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्यें तीन वेळां पदक मिळविलें. बारावीचें प्रमाणपत्र नसल्यामुळें देशांतील तंत्रविज्ञान संस्थांच्या पदवी-वर्गाचें दार तिला बंद होतें. चेन्नईच्या गणित संस्थेनें तिची तयारी ओळखून तिला वरच्या वर्गाचे विषय शिकविले. आणि २०१६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें तिला प्रवेश दिला. त्या संस्थेंत शालान्त प्रमाणपत्राची सक्ति नाहीं. अशी बुद्धि शेंकड्यांत एखादीच. तिच्यावरून सर्वांसाठीं नियम बसवितां येणार नाहीं. परंतु जी मुलगी पदक मिळवूं शकत नाहीं, केवळ चांगली आहे, तिच्यासाठीं तरी नियमाची वाट सरळ असली पाहिजे. पदकाशिवाय जिला कोणी ओळखणार नाहीं, तिला परीक्षेचाच आधार.

आतां घराचें कर्तव्य. शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्यांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा विचार शाळेच्या रूपानें केला आहे. घरच्या शिक्षणाला त्यांत स्वतंत्र प्रकरण नाहीं. म्हणून ज्या आईबापांना घरींच शिकवावयाचें असेल त्यांनीं पुढचें पाऊल आगाऊ ठरवावें. मूल बारा-तेरा वर्षांचें झालें कीं कोणत्या मंडळाची परीक्षा द्यावयाची, तिला कोणते कागद लागतात, प्रात्यक्षिकें कोणत्या केंद्रावर होतात, हें विचारून ठेवावें. मोडनिंबसारख्या गांवीं यासाठीं पंढरपूर वा सोलापूर गांठावें लागेल. त्या फेऱ्या अकराव्या घटकेला होत नाहींत. काय वाचलें, कोणतीं गणितें सोडविलीं, याची नोंदवही असावी. वर्षांतून एकदां तरी बाहेरच्या जाणत्या शिक्षकाकडून मुलाची परीक्षा करवावी, कारण स्वतःच्या मुलाची उणीव आईला दिसते तरी ती क्षमा करते. रसायनशास्त्र नुसतें वाचून येत नाहीं. नळी हातीं धरावी लागते. तीन तास एका जागीं बसून हातानें उत्तरें लिहिण्याची संवय लागते, ती आयत्या वेळीं येत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे समवयस्कांची संगत : खेळ, वाचनालय, गायनाचा वर्ग, कांहीं तरी असें असावें कीं जेथें मुलाचें म्हणणें खोडून काढणारें दुसरें मूल भेटेल.

कारण प्रवेश मिळाला म्हणजे प्रवास संपत नाहीं. घरीं शंका आली कीं लगेच विचारतां येते. वर्गांत ऐंशी डोकीं असतात आणि घंटा कोणासाठीं थांबत नाहीं. घरीं एक विषय मनाला आला तर आठवडाभर चालतो; येथें तासाला विषय बदलतो. पहिलें सहामाही अशा विद्यार्थ्याला बहुधा जड जातें. उलट त्याचा एक मोठा गुणही असतो. ग्रंथालयांत एकटें बसून, कोणी न सांगतां, पुस्तकांतून वाट काढणें त्याला आधींपासून येत असतें. प्राध्यापकांनीं त्याचा अबोलपणा मंदपणा समजूं नये, आणि त्याचे प्रश्न उद्धटपणा समजूं नयेत. आनंदीबाईंनाही परक्या देशांतील थंडी आणि आहार सोसावा लागला; पदवी मिळाल्यावर वर्षाच्या आंतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्या पुण्यास क्षयानें वारल्या. विद्या मिळविणाऱ्याच्या प्रकृतीचीही काळजी कोणीं तरी घ्यावी लागते, हा त्या चरित्राचा दुसरा, दुःखाचा धडा आहे. नव्या विद्यार्थ्याची चौकशी करणारा एखादा शिक्षक, एखादी मैत्रीण, एवढ्यानेंही पुष्कळ भागतें.

घरानें मुलाला ज्ञान द्यावें आणि त्याची साक्ष देणारा कागदही वेळेवर मिळवून द्यावा. ‘आमच्या मुलाला सर्व येतें’ एवढ्यावर विसंबून राहूं नये. महाविद्यालयानें तो कागद पाहावा आणि तो शाळेचा कीं मुक्त विद्यालयाचा याचा भेद मनांत न ठेवतां पुढें जाऊं द्यावें. हीं दोन कामें ज्यांचीं त्यांनीं केलीं, तर मोडनिंबची ती मुलगी जूनमध्यें खिडकीशीं उभी राहील तेव्हां तिच्या हातीं प्रमाणपत्र असेल, आणि पुढचा प्रश्न ‘कोणता विषय घेणार?’ एवढाच उरेल.